प्लास्टराखालची हळद

त्या शुक्रवारी खोलीत आम्ही पाचजणं होतो. डॉक्टरीणबाई, मठाच्या मदर, म्हातारे फादर, खाटेवर मठात सिस्टर व्हायला आलेली पोरगी, आणि बादली धरून मी, मिशन दवाखान्यातली आया. साठ साल नुकतंच उलटलं होतं.

नवरा गेल्यावर दोन लेकरं घेऊन बेळगावाकडनं बेंगळुरात आले. धुणं, पुसणं, सगळं केलं. त्याचं काही नाही.

पोरगी कोलारकडची, सतरा-अठराची. ख्रिस्ती लोकांच्या ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांत दर शुक्रवारी तिच्या उजव्या तळव्यातनं रक्त यायचं. येशूला खिळा ठोकला तिथंच, म्हणायचे लोक. बाया रुमाल घेऊन दाराशी बसायच्या, थेंब तरी मिळावा म्हणून. डॉक्टरीणबाईंचं म्हणणं, मनावर फार ताण आला की माणूस स्वतःच ओरबाडतं, त्याचं त्याला कळतही नाही. त्यांनी हाताला प्लास्टर घातलं आणि कुणी काढलं तर कळावं म्हणून कडेनं शाईनं सह्या केल्या. आत जखम भरली, तर ती पोरीनंच केलेली. मदरनी बजावलं होतं, तसं निघालं तर घरी पाठवणार. घरी सावत्र आई.

बुधवारी दुपारी मी फरशी पुसत होते. पोरगी रडकुंडीला आलेली.

"अक्का, आत आग होतीय. स्वल्प काहीतरी लाव की."

आमच्यात जखम म्हटली की हळद. त्यात विचार कसला करायचा? खोबरेल तेलात हळद कालवली, खराट्याची हीर बुडवली आणि बोटांच्या बाजूनं आत सारली. ती कळवळली. मग जरा निजली.

शुक्रवारी प्लास्टर कापलं. सह्या जशाच्या तशा. आत रक्त होतं, ओलं. मदर गुडघ्यावर बसल्या. डॉक्टरीणबाईंनी कापसानं जखम पुसली, तर कापूस पिवळा.

"आत कुणीतरी काहीतरी घातलंय," त्या म्हणाल्या. "कुणी?"

पोरीनं माझ्याकडं बघितलं. मग खाली बघून म्हणाली, "मीच."

दोन लेकरं होती मला. मी बादली धरून उभी राहिले.

संध्याकाळच्या गाडीनं तिला पाठवलं.

माझ्या हिरीनं खपली निघाली, का रक्त आपसूक आलं, ते डॉक्टरीणबाईंनी सांगितलं असतं. मी विचारलंच नाही. अजून शुक्रवारी हळदीच्या डब्यात हात घातला की उजवा तळवा जळतो. उजेडात धरून बघते. काही नसतं.

मला लिहायला येत नाही, नात लिहितेय. वाचणाऱ्यांनी एवढं करा. कोलारकडं तळव्यावर व्रण असलेली म्हातारी कुणी भेटली, तर तिच्या घरच्यांना सांगा, हळद आयानं घातली होती. पोरीनं प्लास्टरला हात लावला नव्हता.