सात नंबरचे बूट

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आमच्या पलटणीला डोंगरी लढाईच्या ट्रेनिंगसाठी काश्मीरला पाठवलं. मी तेव्हा हवालदार. गाव अनसिंग, वाशीमकडचं. टेकडीपेक्षा उंच असं मी काही पाहिलेलं नव्हतं, पण हे कॅम्पात कुणाला सांगितलं नाही. हवालदाराने सगळं पाहिलेलंच असतं.

ट्रेनिंगच्या शेवटी सतरा हजार फुटांचं एक शिखर चढायचं होतं. मी धरून सात जण, आणि वाट दाखवायला गाइड रसूल चाचा. चाचा तिथलाच, साठीकडे झुकलेला, बोलण्यात कंजूष. तयारी कॅप्टन साहेबांनी माझ्यावर सोपवली. पहाटे साडेपाचला पाठीवर चाळीस पौंड घेऊन चाल. दहा वाजता डोळे बांधून दोराच्या गाठी. दुपारी बर्फात कुऱ्हाडीने पायऱ्या खोदायच्या. पहिल्या आठवड्यात जवान मला मनातल्या मनात शिव्या देत. तिसऱ्या आठवड्यात त्यांना घेऊन मी कुठलाही पहाड चढलो असतो.

त्यांच्यात लान्स नाईक किसन होता, आसेगावचा. सगळ्यांत जड ओझं तो उचलायचा आणि सगळ्यांत मोठ्या थापाही तोच मारायचा. वरून वाशीम दिसते की नाही ते बघून सांगतो म्हणायचा. चढाईच्या आधीच त्याने आईला पत्र टाकलं होतं की तुझा पोरगा ढगांच्या वर जातो आहे. त्याच्यावर माझा जीव होता.

चूक बुटांत झाली आणि ती माझी. स्टोअरमध्ये किसनने आठ नंबरचा पाय सात नंबरच्या बुटात कोंबला. मी पाहिलं आणि मान डोलावली. आमच्याकडे नवा जोडा आवळच घेतात. तेल पाजलं की पंधरा दिवसांत तो पायाचा होतो, आणि सैल घेतला तर काळ्या मातीत रुतून बसतो. किसनने रोज तेल चोळलं, बूट मऊही झाले. पण चाचाने सांगितलेले एकावर एक दोन मोजे त्यांत मावेनात, म्हणून तो एकच घालू लागला. रोज पाय तपासणारा मी, मोजे मोजायला विसरलो.

पंधरा हजार फुटांवर शेवटचा कॅम्प. दुपारी चार वाजता चाचाने सगळ्यांचे पाय उघडे करायला लावले. प्रत्येकाचं बोट अंगठ्याने दाबायचा आणि सोडायचा. सगळ्यांच्या बोटांत रक्त परत येत होतं. किसनची तीन बोटं मेणासारखी पांढरीच राहिली; ती गोठू लागली होती.

"ये ऊपर नहीं जायेगा," चाचा म्हणाला आणि दोर आवरायला गेला. हुकूम मला द्यायचा होता.

"भाऊ, मले दुखून नाही राह्यलं," किसन म्हणाला.

"म्हणूनच नाही जाचं."

"मायले लिवलं म्या. आता काय सांगू तिले?"

"खाली जाय, किसन. हुकूम हाये."

चाचाने त्याचे पाय लोकरीत गुंडाळले आणि गवताची सैल पायताणं घातली. किसनने सलाम केला, पण माझ्याकडे पाहिलं नाही. सामान घेऊन आलेल्या दोन हमालांबरोबर तो खाली गेला.

दुसऱ्या दिवशी नऊ चाळीसला आम्ही शिखरावर होतो. मी वायरलेस उघडला.

"शिखरावर सहा. सगळे ठीक. ओव्हर."

खाली सेटवर किसनच बसला होता. "सहा. समजलं. आउट."

रिपोर्टात मी बुटांची चूक माझ्या नावावर लिहिली. किसनची बोटं वाचली. डॉक्टरने महिन्याभरात त्याला फिट ठरवलं. तो माझ्याशी बोलू लागायला मात्र दोन महिने गेले.

पुढच्या हिवाळ्यात पलटण ब्रह्मदेशच्या आघाडीवर गेली. मैलोन् मैल पायी चाल होती आणि किसन नेहमी पुढे. एका टेकडीखाली दुपारी दोनच्या सुमाराला मशीनगन सुरू झाली. पहिल्याच फैरीत तो पडला. मी चाळीस पावलांवर होतो. त्याच्यापर्यंत पोचायला साडेचार वाजले. तो गेलेला होता. मी रडलो, आणि जवानांनी पाहिलं तरी रडलो.

लढाई संपल्यावर सुटीत आसेगावला गेलो. त्याची माय ओसरीत बसली होती. तिने पहाडाचं विचारलं. मी खरं ते सांगितलं: माझी चूक, किसनचा राग, सगळं. शेवटी जरा ताठ मानेने म्हणालो, मी त्याला खाली धाडला म्हणून त्याची बोटं वाचली.

तिने विचारलं,

"बोटं गेली असती तं फौजेनं घरी धाडलं असतं का त्याले, बाबू?"

फौजेत प्रश्नाचं उत्तर हो किंवा नाही एवढंच द्यायचं असतं.

"हो, माय."

किसनला खाली पाठवण्याचा माझा निर्णय बरोबरच होता. कुणीही विचारलं तर मी आजही तेच सांगतो. फक्त आसेगावात सांगत नाही.