सासूबाईंच्या हातचा हिरा

"तूच निवड गं तिच्यासाठी. माझ्या हातचा हिरा लाभत नाही," माझ्या होणाऱ्या सासूबाई त्यांच्या बहिणीला, म्हणजे मावशींना, हळूच म्हणाल्या. त्यांनी हौसेने निवडलेली हिऱ्याची अंगठी घातल्यावर महिन्याभरात सासरे वारले होते आणि नातेवाइकांनी बोल त्या हिऱ्याला लावला होता. नाशिकच्या सराफी पेढीत माझ्या अंगठीसाठी सराफांनी पांढऱ्या कागदावर खडे ठेवले आणि दिव्यांपासून दूर, दाराशी उजेडात नेले. "मोठाच घ्या, लांबून दिसला पाहिजे," मावशी म्हणाल्या. हिऱ्याचे पैलू, नितळपणा, म्हणजे कट, क्लॅरिटी सगळं मी फोनवर वाचून आले होते, पण नुसती मान डोलावली. सासूबाई मागे पर्स छातीशी धरून, टाचा उंचावून बघत होत्या. चारचौघांत माझा आवाज आजही सहसा फुटत नाही, पण त्या दिवशी मी म्हणाले, "आई, इकडे उजेडात या. तुम्ही निवडाल तोच मी घालणार."