सईचा दाखला

माझे वडील दीड महिना माझ्याशी रोज खोटं बोलत होते.

मला हे परवा कळलं. आता जाब विचारायला ते नाहीत.

आज तात्यांचा दहावा झाला. शेळगावच्या घरात मी एकटाच आहे. बायको आणि सई, माझी सात वर्षांची मुलगी, तिकडे पोलंडमध्ये. तिघांनी एकदम निघणं जमलं नाही. खरं तर माझंही वेळेत जमलं नाहीच. तात्या धार काढता काढता गेले. अग्नी चुलतभावानं दिला, मी तेव्हा विमानात होतो.

आई लवकर गेली. त्यानंतर घरात तात्या, आम्ही दोघं आणि सई. मी बारामतीला एमआयडीसीत कामाला, उजाडता उजाडता घराबाहेर. सईला शाळेत सोडणं, आणणं, तिच्या डब्यात उरलेली पोळी खाणं, ही सगळी खाती तात्यांकडे होती.

दीड वर्षापूर्वी पोलंडची नोकरी मिळाली. तात्यांना म्हटलं, दोनच वर्षं.

त्यांनी लगेच हिशेब लावला. "उसाची एक लागण आन एक खोडवा. जातील निघून."

तिकडे पोचल्यावर पहिली काळजी सईच्या ऍडमिशनची. आणि आपल्याला काय माहीत असतं? दाखला. जुन्या शाळेतून नाव काढल्याचा दाखला नसेल तर नवी शाळा दारात उभं करत नाही. मी स्वतः पाचवीत दाखल्यावाचून आठवडाभर व्हरांड्यात बसलेला माणूस. त्यामुळे पोलंडच्या शाळेत जाऊन नुसतं विचारावं, हेसुद्धा माझ्या डोक्यात आलं नाही. शिकलेला असून ही अक्कल.

अर्ज लिहिला, सही केली, फोटो काढून तात्यांना पाठवला. प्रिंट काढा, सरांना द्या, नाव कापून दाखला घ्या, कुरिअर करा.

मग रोज फोन.

सर ट्रेनिंगला गेलेत.

सर आलेत, पण शिक्का कपाटात आणि किल्ली बाईंकडे.

किल्ली मिळाली, तर नेट नाही.

तिकडे सई खिडकीत बसून समोरच्या शाळेची मुलं बघत राहायची. भाषा येत नाही, ओळखीचं एक पोर नाही. दुपारपर्यंत ती बाहुलीशी मराठीत भांडायची. काही दिवसांनी भांडायचीही बंद झाली. तेव्हा मात्र मी घाबरलो.

शेवटी एक दिवस माझा तोल गेला.

"तात्या, एक कागद आणायचाय. तेवढंही जमेना तुम्हाला?"

तात्या म्हणाले, "बघतो उद्या."

दुसऱ्या दिवशी बायकोच सईला हाताला धरून शाळेत गेली. फोनवर भाषांतर करत करत बोलणं झालं. तिथल्या बाई म्हणाल्या, कागद नसेल तर मुलगी किती वर्षं शिकली ते तुम्हीच लिहून द्या, आईबापाचं लिहिलेलं चालतं. अर्ध्या तासात काम झालं. दीड महिना पोरीला मी उगाच घरात कोंडलं होतं.

राग काढायला तात्याच सापडले. फोन करून सुनावलं की इथं तुमच्या दाखल्याचं कुणाला काही पडलेलं नाही.

"मंग तिचं नाव हितं राहू दिऊ का?"

राहू द्या, म्हटलं. मला मीटिंगची घाई होती. त्यांचा आवाज एकदम हलका झाला. मला वाटलं, हेलपाटे वाचले म्हणून.

परवा शाळेचे सर भेटायला आले. मी म्हटलं, त्या दाखल्यापायी तात्यांनी तुम्हाला फार त्रास दिला असेल. सर म्हणाले, "कसला तरास?"

तात्यांनी दाखला कधी मागितलाच नव्हता. ट्रेनिंग नव्हतं, नेट चालू होतं, किल्ली सरांच्याच खिशात. अर्जाची प्रिंट मात्र तात्यांनी काढली होती आणि एकदा सरांना दाखवली होती. पण ती देणार नाही, असं तात्याच म्हणाले. डेअरीला दूध घातलं की ते शाळेत यायचे आणि हजेरी होईपर्यंत वर्गाच्या दारात उभे राहायचे.

"सईचं नाव आलं की पोरं म्हणायची, गैरहजर. तात्या दारातनं म्हणायचे, येणार हाय ती. पयल्यांदा पोरं हसायची. मग पोरंच म्हणाया लागली, येणार हाय." सरांनी कप खाली ठेवला. "माझ्याच्यानं नाव कापवलं न्हाय. आता तुमी सांगाल तसं."

सर गेल्यावर मला तात्यांवर रागावताही येईना.

कारण खोटं मीही बोललो होतो. कायमचं तिकडेच राहायचं हे आम्ही गेल्या दिवाळीतच ठरवलं. दर रविवारी वाटायचं, आज तात्यांना सांगू. मग ऊस कसा आहे, बीपीची गोळी घेतली का, एवढ्यावर फोन संपायचा.

काल सकाळी नवा अर्ज घेऊन शाळेत गेलो. हजेरी चालू होती. सईचं नाव आलं.

सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, "येणार हाय."

मी दारातून म्हणालो, "नाही. ती येणार नाही आता."

सरांनी अर्ज घेतला, माझ्यासमोर नावावर रेघ मारली आणि पुढचं नाव पुकारलं. ती मुलगी हजर होती.

तात्या, हे मी तुम्हाला सांगायचं होतं. सांगितलं वर्गातल्या पोरांना.

माफ करा.

रामराम.