उशीपुरता कापूस

चिंच फोडली की वासानं माझ्या बोळक्या तोंडालाही पाणी सुटतं.

अमेरिकेत लढाई पेटली म्हणे, आणि आमच्या अकोल्यात कापसाला सोन्याचा भाव आला. तेव्हा मी नवी सून. घरभर कापूस, पण डोक्याखाली उशी नाही! म्हणून ढिगातून उशीपुरता उचलला. ढीग घटल्याचं मामंजींच्या लक्षात आलं, आणि त्यांनी घरच्या सगळ्यांना ओळीत उभं केलं.

"समदे कोरडे तांदूळ चावून थुंका! भीतीनं चोराचं तोंड सुकते."

मी गालात चिंच दडवली. माझे तांदूळ ओलेचिंब निघाले. सासूबाईंचं मात्र कोरडं पीठ!

मामंजी खोकले. "तांदूळच जुने हायेत."

चुलीपाशी सासूबाईंनी माझं तोंड हुंगलं. "कावून वं, चिंच एकटीनंच चघळली? उशी तं म्या बी भरली होती!"