अडीच मणांचे मास्तर

किस्से कोणी मुद्दाम साठवत नाही. कोटाच्या खिशात शेंगांची टरफले साठतात तसे ते साठत जातात. मग एके दिवशी कोट झटकावा, आणि आपल्यालाच नवल वाटावे: अरे, एवढी होती!

माझ्याजवळचे हे किस्से एकाच वर्षातले आहेत आणि त्यांतली माणसेही मोजकी आहेत. विषय म्हणाल तर माझे वजन. विषय भारदस्त आहे, हे मी प्रथमच मान्य करतो.

*

एम.ए. झाल्यावर मी पुण्याहून सोलापूरच्या एका हायस्कुलात इतिहास शिकवायला आलो. आई-वडील दोघेही नव्हते, लग्न झालेले नव्हते, आणि गावात ओळखीचे असे कोणी नव्हते. नवी पेठेच्या मागच्या बोळात एक खोली, शाळा आणि खानावळ, या तीन ठिकाणांत तीन वर्षे गेली. या काळात ज्ञानात किती भर पडली ते निश्चित सांगता येणार नाही. अंगात मात्र पडली.

माझा वर्ग दुसऱ्या मजल्यावर होता. मी दर वळणावर थांबून खिडकीबाहेर पाहत असे, जणू काही निसर्ग न्याहाळतो आहे. बाहेर एक पाण्याची टाकी होती. एकदा आमचे ड्रिल मास्तर शेख मागून आले आणि म्हणाले, "क्या मास्तर! तुम जिना चढरें, या जिना तुमपे चढरा?"

त्याच आठवड्यात मी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी छातीला नळी लावली, बराच वेळ ऐकले आणि विचारले, "वडील कशाने गेले?"

"जिना चढताना गेले."

"वय?"

"बेचाळीस."

"बांधा?"

"माझ्यासारखाच."

डॉक्टरांनी नळी खाली ठेवली. "वर्षभरात दोन मणांवर या," ते म्हणाले. "उपास करायचे नाहीत. उपासाने उतरलेले वजन पारण्याला परत येते. रोजच्या ताटातले थोडे थोडे कमी करायचे, आणि दर आठवड्याला वजन करायचे. चुकवायचे नाही."

"सध्या किती आहे?"

"मला काय ठाऊक! माझ्याजवळ पुड्या तोलायचा काटा आहे. तुम्ही भुसार बाजारात जा!"

*

रविवारी सकाळी गाड्या यायच्या आत मी भुसार बाजारातल्या एका अडतीवर गेलो. तिथे तुळईला साखळदंडाने मोठा काटा टांगलेला होता. पोते मावेल एवढी दोन पारडी, जमिनीला टेकलेली. शेजारी सिद्राम तोलार बसला होता. पन्नाशीचा, उंच, पांढऱ्या मिशांचा माणूस. आपला विषय मी व्यवस्थित मांडला. त्याने तो शेवटपर्यंत ऐकून घेतला आणि विचारले, "ते समदं खरं. पन पोतं कुटं हाय?"

"पोते नाही. मीच."

"तुमी?" त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिले. अनुभवी नजर होती. मला वाटते, तिथेच त्याला आकडा कळला असावा. "बसा की मग!"

मी पारड्यात मांडी घालून बसलो. तोलारी मोजणीत 'एक' म्हणत नाहीत, पहिल्या मापाला 'लाभ' म्हणतात, हे मला तोवर माहीत नव्हते. सिद्रामने समोरच्या पारड्यात मणाचे पहिले वजन ठेवले आणि खड्या आवाजात म्हटले, "लाभ!"

मला उद्देशून तो शब्द कोणी उच्चारल्याची ती पहिलीच वेळ होती.

"दोन!" मग त्याने लहान वजने एकेक चढवली, तेव्हा कुठे माझे पारडे हलले. "दोन मन वीस शेर. जोंधळ्याचं पोतं आन् तुमी, सारकंच की!" आणि क्षणभर थांबून, "चाळून आनलं न्हाय व्हय? आमी माती-खड्याची घट धरतो!"

पुढच्या रविवारपासून बाजारातले हमाल मला पाहून हाक देऊ लागले, "सिद्रामअण्णा, अडीच मन आलं!"

*

खानावळ गंगाक्कांची. त्या मूळच्या अक्कलकोटच्या, पती निवर्तल्यावर इथे आलेल्या. त्यांच्या बोलण्यात मराठी आणि कानडी एकाच ताटात वाढलेली असे. "बेका?" म्हणजे हवे का. उत्तर येण्यापूर्वी भात पानात पडलेला असे.

वजन वाढण्याची कारणे शोधताना मी एक दिवस वहीत नोंद ठेवली. शाळेचे तास सोडून दिवसभरात मला उद्देशून अकरा वाक्ये बोलली गेली होती. त्यांतली नऊ गंगाक्कांची होती, आणि नऊही वाढण्याविषयीची होती. मी 'हो' म्हटले की आणखी एक वाक्य मिळे. निष्कर्ष काढताना घाई करू नये असे आम्हांला शिकवले आहे. तरी वही मी मिटून ठेवली.

दुसऱ्या दिवशी दुसरा भात नाकारला, वरचे तूप नाकारले.

"आमटी खारट झाली काय?"

"नाही, अक्का. डॉक्टरांनी सांगितले आहे."

"डागदरला काय कळतंय? त्याला घरात कोन वाढनारं न्हाय काय?"

मी ठाम राहिलो. कानडीत 'नको'ला 'ब्याड' म्हणतात, तो शब्द शिकून घेतला आणि रोज तीनदा वापरू लागलो. आठ दिवसांनी गंगाक्का माझ्या पानापाशी थांबेनाशा झाल्या. शेजारच्या पानावर "बेका?" होई, पलीकडच्या पानावर होई. मी ताकाचे शेवटचे घोट फार सावकाश घेऊ लागलो. त्या महिन्यात माझे वजन दोन शेर उतरले!

*

कडक भाकरी ही सिद्रामची सूचना. तो न्याहारीला तीच खाई. पापडासारखी पातळ, वाळवून खडखडीत झालेली जोंधळ्याची भाकरी, वर चिमूटभर शेंगांची चटणी. "ही खावा," तो म्हणाला. "हिनं दात दमत्यात. दात दमलं की मानूस आपसूक उठतंय."

मी दुपारच्या पोळ्या सोडून ती डब्यात नेऊ लागलो. एक भाकरी संपायला मधली सुट्टी पुरत नसे, त्यामुळे दुसरीचा प्रश्न उद्भवत नसे. पहिल्या दिवशी मी शिक्षकांच्या खोलीत एकटाच बसून पहिला घास तोडला. पाठोपाठ दुसरा तोडला.

दार उघडून सुपरवायझर आत डोकावले. "कोणता बाक मोडला?"

*

सिद्रामच्या काट्याची बाजारात ख्याती होती. एका रविवारी करमाळ्याकडचा एक व्यापारी तूर घेऊन आला होता. तोल चालू असताना त्याने सहज टेकल्यासारखे पारड्याच्या काठावर एक बोट ठेवले. त्या दिवशी उशिरा आल्यामुळे मी जवळच उभा होतो, तरी मला दिसले नाही. सिद्रामला मात्र दिसले.

"शेट, बोट काडा."

"अहो, एका बोटाचं वजन ते काय!"

सिद्रामने सकाळपासून तोललेली सगळी पोती परत मागवली आणि पहिल्यापासून पुन्हा तोलली. हमाल चिडले, व्यापारी चिडला, अडत्या हात जोडू लागला. सिद्राम आपला शांतपणे "लाभ! दोन!" करीत होता.

"एवढे कशाला?" मी मागाहून विचारले.

"सतरा वर्सं झाली, मास्तर. ह्या काट्याला कुनाचं बोट लागू दिलं न्हाय मी. माजं बी न्हाय." मग हात धूत तो म्हणाला, "आन् लौकर घरी जाऊन तरी काय करायचंय? पोरगी सासरी, मालकीन देवाघरी. भित्तीसंगट बोलायचं व्हय?"

त्या दिवसापासून वजन झाल्यावरही मी थोडा वेळ पोत्यावर बसू लागलो. तो जोंधळ्याविषयी बोले, मी पेशवाईविषयी. दोघांनाही दुसऱ्याचा विषय फारसा कळत नसे.

*

सहा महिन्यांनी दहा शेर उतरले होते. आणि मग आमच्या हेडक्लार्कांनी मुलाच्या मुंजीचे आमंत्रण दिले.

तीन वर्षांतले पहिले आमंत्रण! पंगतीत हेडक्लार्कांच्या आई स्वतः जिलबी वाढत होत्या. माझ्यापाशी आल्या आणि म्हणाल्या, "किती वाळलास रे बाळा!"

मी सात जिलब्या खाल्ल्या.

रविवारी पारड्यात बसताना मला विद्यापीठाच्या निकालाच्या दिवसासारखे वाटत होते. सिद्रामने वजने चढवली, काटा पाहिला, आणखी एक वजन चढवले. "एक शेर वाडलं."

"सिद्रामअण्णा, मी हे सोडून देतो. माझ्याने व्हायचे नाही."

"काय खाल्लं?"

"जिलबी. सात."

"कुनी वाडली?"

"यजमानांच्या आईने. मला बाळ म्हणाल्या."

सिद्रामने मिशीवरून हात फिरवला. "मग खाल्ली ते बराबर केलं," तो म्हणाला. "पन काट्याला आई कळत न्हाय."

मी जोडे चढवू लागलो. तेव्हा तो पुढे म्हणाला, "बैल एक दिस चालला न्हाय म्हनून कुनी नांगर सोडून देतं व्हय? ऐतवारी या."

मी गेलो. त्या रविवारी, त्याच्या पुढच्या, आणि नंतरच्याही. चार रविवार काटा हलला नाही, पाचव्या रविवारी अर्धा शेर हलला. एवढ्या सावकाश होणाऱ्या गोष्टी इतिहासात असतात हे मी वर्गात अनेकदा सांगितले होते. अंगावर घेतल्याशिवाय ते पटत नाही.

*

एके सकाळी गंगाक्का माझ्या पानापुढे येऊन उभ्या राहिल्या. हातात पळी होती.

"मास्तर, रागावलाय काय?"

"नाही, अक्का. मला वाटले तुम्हीच रागावलात."

"मी कशाला रागावू? वाढायला आलं की मला बोलता येतंय. वाढायचं न्हाय तर मानसासंगं काय बोलायचं, ते मला ठावं न्हाय बघा."

मलाही ठाऊक नव्हते.

दुसऱ्या दिवसापासून त्या रोज माझ्या पानापाशी थांबू लागल्या.

"बेका?"

"ब्याड."

"बरं."

आणि पुढच्या पानाकडे जात. पळी रिकामी असे.

*

वर्ष संपत आले. मी दुसऱ्या मजल्यापर्यंत न थांबता चढू लागलो. ती पाण्याची टाकी पाहायचीच राहून जाऊ लागली. कोट इतका सैल झाला की शेख म्हणाले, "मास्तर, कोट अकेलाच आया क्या?" डॉक्टरांनी नळी लावली, ऐकले, आणि प्रथमच हसले. "दोन मण झाले की काट्याचे काम संपले. आता खाणे असेच ठेवा. माझ्याकडे वर्षातून एकदा आलात तरी पुरे."

त्या रविवारी वजन भरले दोन मण आणि अर्धा शेर.

"म्होरच्या ऐतवारी झालं तुमचं काम," सिद्राम म्हणाला.

"हो. डॉक्टरही तेच म्हणाले."

"लई चांगलं झालं."

"हो. चांगलेच झाले."

मग तो जोंधळ्याविषयी काही बोलला नाही आणि मीही पेशवाईचे काही काढले नाही.

पुढचा आठवडा मला लांबला. लिहिताना संकोच वाटतो, परंतु नोंद पूर्ण असावी: शनिवारी संध्याकाळी मी नवी पेठेत एका पेढ्याच्या दुकानासमोर उभा होतो. अर्धा शेर पेढे म्हणजे काय मोठे! दुकानदाराने "काय देऊ?" असेही विचारले. मला वडिलांचा जिना आठवला. मी "काही नको" म्हटले आणि घरी आलो.

रविवारी बाजार नुकताच झाडलेला होता. हमालांनी हाक दिली, "अण्णा, अडीच मन आलं!" त्यांना कोणी नवा आकडा सांगितला नव्हता.

मी कोट काढला, जोडे काढले, पारड्यात मांडी घालून बसलो. सिद्रामने पहिले वजन ठेवले.

"लाभ!"

दुसरे ठेवले.

"दोन!"

पुढे त्याने काही ठेवले नाही. समोरचे पारडे जमिनीवरच राहिले आणि माझे उचलले जाऊ लागले. याविषयी मला शंका नाही. जमीन खाली जाताना मी पाहिली. दोन बोटे, तीन बोटे, चांगली चार बोटे. आणि मग माझे पारडे हळूहळू परत खाली आले आणि जमिनीला टेकले.

मी खाली पाहिले. माझ्या पारड्याच्या काठावर सिद्रामच्या उजव्या पायाचा अंगठा होता.

तो स्वतः वर काट्याकडे पाहत होता.

"अर्दा शेर हाय अजून," तो म्हणाला.

मी अंगठ्याकडे पाहिले, मग त्याच्याकडे. "नक्की?"

"सतरा वर्सं तोलतोय मी, मास्तर!"

"नाही, तसे नव्हे. तुम्ही म्हणता म्हणजे असणारच."

"मग? म्होरच्या ऐतवारी या की!"

"येतो," मी म्हणालो. आणि पारड्यातून उतरायची मला काही घाई नव्हती.