लाभ, दोन, तीन आणि डेशियन लोक

आधी माफी मागतो. आमच्या घरात माझ्याआधी कागदावर जे काही उमटलं तो अंगठाच होता. तेव्हा मी चार पानं भरून स्वतःविषयी लिहावं हा आगाऊपणा आहे, हे मला कळतं. त्यातून ज्यांच्याविषयी लिहायचं ते माझे कुणी नव्हेत. ते दोन हजार वर्षांपूर्वी युरोपातल्या डोंगरात राहत होते, आणि त्यांच्या नादात माझा बी.ए.चा निकाल अडकला. दोष तसा माझाच; पण ते मेलेले असल्यामुळं त्यांच्यावर ढकलणं सोपं जातं.

त्या वर्षी पाऊस आला नाही आणि जिल्हा आला. आम्ही उदगीरचे. उस्मानाबाद जिल्ह्यात झोपलो आणि उठलो तेव्हा लातूर जिल्ह्यात होतो. चौकात भाषणं झाली, गुलाल उधळला गेला. तो धुवायला पाणी नव्हतं, म्हणून बरेचसे पुढारी आठवडाभर गुलाबीच फिरत होते. आप्पांना, म्हणजे माझ्या वडलांना, त्याचं काही विशेष वाटलं नाही. ते बिदर जिल्ह्यात जन्मले, त्यांचं लग्न उस्मानाबाद जिल्ह्यात झालं आणि आता ते लातूर जिल्ह्याचे झाले होते. या सगळ्यात त्यांची खाट एक वीतभरही हललेली नव्हती.

"जिल्हा बदलला का? बदलू दे की," ते म्हणाले. "नळाला कवा येतंय ते इचार."

आप्पा मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, मापाडी होते. शेतकऱ्याचं धान्य आडतीवर उतरलं की ते मोजून द्यायचं, हे त्यांचं काम. आता मापाडी पहिल्या मापाला 'एक' कधीच म्हणत नाही. तो 'लाभ' म्हणतो. लाभ, दोन, तीन, चार. आणि पुढचं माप भरेपर्यंत तोच आकडा सूर लावून म्हणत राहतो, म्हणजे विसर पडत नाही. पुढं काटा आला, माप मागं पडलं, पण मोजणी तीच राहिली. 'एक' का नाही, असं विचारलं की आप्पा म्हणायचे, "एक म्हणलं की एकावरच थांबतंय." मी मोजायला घरातच शिकलो, तो असाच. शाळेत गुरुजींनी 'एक' शिकवला, तो मी परमुलखातली भाषा शिकावी तसा शिकलो.

त्या वर्षी मोंढ्यात मोजायला काही नव्हतं. कबुतरंसुद्धा यायची बंद झाली होती. तरी आप्पा रोज टोपी घालून जायचे, आडतीच्या ओट्यावर बसायचे आणि न मोजता परत यायचे. मी तेव्हा तिसऱ्या वर्षाला होतो. इतिहासाचा एक पेपर 'प्राचीन जग' होता. कॉलेजच्या ग्रंथालयात त्यावर एकच जाड पुस्तक होतं, आणि परीक्षेला येणारी त्यातली सगळी पानं आधीच्या पोरांनी ब्लेडनं कापून नेली होती. ग्रीस गेलं होतं. इजिप्त मुळापासून उपटलेलं होतं. रोम अर्धं होतं. शाबूत राहिले होते ते फक्त डेशियन लोक, कारण ते कुणालाच नको होते. मी ते पुस्तक घरी आणलं आणि जे उरलं होतं ते मन लावून वाचलं.

आज जिथं रुमानिया देश आहे तिथल्या डोंगरात हे लोक राहायचे. रोमन लोक लॅटिनमध्ये त्यांना 'दाकी' म्हणत, त्यांच्या मुलखाला 'दाकिया'. त्यांच्याच भाऊबंदांना ग्रीक लोक 'गेटे' म्हणत. दोघांची बोली मात्र एकच होती, असं एका जुन्या ग्रीकानं लिहून ठेवलंय. काही पंडितांच्या मते दाकी हे नाव लांडगा या अर्थाच्या एका जुन्या शब्दावरून पडलं. काही पंडितांच्या मते तसं काही नाही. ते स्वतः स्वतःला काय म्हणत, हे धडपणे कुणालाच ठाऊक नाही, कारण त्यांनी लिहून ठेवलं नाही. जे लिहिलं ते त्यांना मारणाऱ्यांनी. हे वाचून मला उगाच वाईट वाटलं होतं.

त्यांचं निशाण लांडग्याच्या तोंडाचं असे, आत वारं शिरलं की ते ओरडायचं. त्यांच्या राजानं म्हणे एक नदी वळवली, तिच्या पात्रात खजिना पुरला आणि वरून पुन्हा नदी सोडून दिली. शेवटी त्याच्याच एका माणसानं रोमनांना जागा दाखवली. हे मी अव्वाला, माझ्या आईला, मोठ्या कौतुकानं सांगितलं. ती नुकतीच ओढ्यातून रिकाम्या घागरीनं परतली होती.

"नदी वळवायला आधी नदीत पानी लागतंय," ती म्हणाली. "आमी दोन हात वाळू उकरून ऱ्हायलो तर वाटीभर निघंना. अन् त्यांना सोनं घावलं व्हय?"

माझी पाठांतराची रीत आवाजी होती. अंगणात येरझाऱ्या घालत मी मुद्दे म्हणायचो: लाभ, नाव. दोन, डोंगर. तीन, निशाण. चार, नदीतला खजिना. पाच, रोमशी लढाई. आप्पा खाटेवर पडून ऐकायचे. कित्येक महिने त्यांच्या तोंडून मोजणी निघाली नव्हती, पण कान शाबूत होता. "लाभ जरा लांबव," ते सांगायचे. "पयलं माप भरून येऊ दे की नीट."

आमच्या इतिहासाच्या सरांनी वर्गात छातीठोक सांगितलं होतं, "डेशियन येत नाहीत. कधीच आलेले नाहीत." परीक्षेत डेशियन आले. माझ्या पुढचा पोरगा प्रश्नपत्रिका उलटी करून बघू लागला. मी लिहीत सुटलो. एवढा वेग मला पुढं आयुष्यात कधी साधला नाही. आणि त्या वेगात, मी जसं पाठ केलं होतं तसंच, पेपरातल्या प्रत्येक उत्तराच्या पहिल्या मुद्द्यापुढं समासात 'लाभ' लिहिलं आणि त्याखाली २, ३, ४. मला ते कळलंसुद्धा नाही. मापाड्याच्या पोराला ते कसं कळणार?

निकालाच्या यादीत माझ्या नंबरापुढं पास नव्हतं आणि नापासही नव्हतं. 'राखीव' असं होतं, म्हणजे निकाल रोखून ठेवलेला. सर चौकशी करून आले आणि मला झाडाखाली नेलं.

"तू उत्तरपत्रिकेत खूण केलीस?"

"न्हाई सर. कसली खूण?"

"लाभ, लाभ, लाभ. सात ठिकाणी. तपासणाऱ्याला वाटलं, हे कुणाला तरी ओळख पटवायला लिहिलंय. आपला पेपर कळावा म्हणून पोरं देवाचं नाव घालतात, फूल काढतात. तू सरळ लाभच मागितलास!"

मी त्यांना मोजणीचं सांगितलं. ते पुण्याकडचे होते. त्यांनी सहानुभूतीनं ऐकून घेतलं आणि त्यातलं काहीही त्यांना खरं वाटलं नाही. "असं कर," ते म्हणाले, "माफीचा अर्ज लिही. मग तेवढी ही एक परीक्षा रद्द होईल. पुढच्या वर्षी बस."

पुढच्या वर्षी बसणं मला परवडणारं नव्हतं. नव्या जिल्ह्याला नवी कचेरी आली होती, कचेरीला कारकून लागत होते, आणि मला लातूरहून मुलाखतीचं पत्र आलं होतं. पदवी पास असल्याचा कागद महिनाअखेर दाखवला तर नाव राहणार, नाहीतर यादीतून कमी. जिल्हे रोज होत नाहीत. आप्पांच्या हयातीत तीन झाले, हेच पुष्कळ झालं. मी माफीचा अर्ज लिहिला नाही. धाडस म्हणून नव्हे. काय कबूल करायचं तेच सुचेना.

अर्ज न देणाऱ्यांची चौकशी व्हायची, आणि त्यासाठी विद्यापीठाची समिती आमच्या बाजूच्या पोरांसाठी नांदेडला येऊन बसणार होती. मी आप्पांना साक्षीदार म्हणून घेतलं. मुखेडमार्गे एसटीनं निघालो. वाटेत दिसणारं प्रत्येक रान बघून आप्पा सांगत होते, इथं एरवी किती पिकतं. नांदेडला पूल ओलांडताना ते खिडकीतून वाकून खाली बघू लागले. गोदावरी एका कडेनं चालली होती, अंग चोरून.

समितीत दोघं होते. एक निवृत्त प्राचार्य, अध्यक्ष म्हणून, आणि एक मॅडम. दाराशी एक म्हातारा शिपाई होता. सगळे त्याला चाचा म्हणत.

अध्यक्षांनी माझी उत्तरपत्रिका उघडली. "लाभ म्हणजे एक, असं तुमचं म्हणणं. कुठल्या पुस्तकात आहे?"

"पुस्तकात न्हाई सर. मोंढ्यात हाय."

"लेखी पुरावा?"

"न्हाई सर." इथं मला काय झालं कोण जाणे. मी म्हणालो, "डेशियन लोकांचापण न्हाई सर. तेबी स्वतःला काय म्हणत होते ते त्यांनी लिवून ठेवलं नव्हतं."

मॅडम खाली बघून हसल्या. अध्यक्ष हसले नाहीत. त्यांनी आप्पांकडं मोहरा वळवला. "तुम्ही मापाडी ना? मोजून दाखवा बघू. कसं म्हणता?"

आप्पा उभे राहिले. टोपी नीट केली. मग म्हणाले, "काय मोजू?"

"नुसतं म्हणा. तोंडी."

"तसं न्हाई म्हणत साहेब."

"म्हणजे?"

"माप रिकामं असताना लाभ म्हणायचं न्हाई. रिकाम्या मापाला लाभ म्हणलं की रिकामंच राहतंय. आधीच बघा की, काय चालू हाय ते."

मी आप्पांच्या सदऱ्याची बाही ओढली. "आप्पा, म्हणा की एकदा."

"गप ऱ्हा. तुझ्या एका कागदापायी सगळ्या मुलखाचा दुष्काळ लांबवू का मी?"

अध्यक्षांनी पेन खाली ठेवलं. त्यांच्या चेहऱ्यावरून मला माझी पुढली तीस वर्षं दिसू लागली. मग त्यांनी चाचाला सांगितलं, सायकलवर टांग मार, इथल्या मोंढ्यात जा आणि पहिल्या मापाला काय म्हणतात ते ऐकून ये. चाचा जागचा हलला नाही.

"साब, क्या सुनके आऊं? मोंढे में कोई मापताच नहीं. सब पत्ते खेल रै."

"मग कसं व्हायचं?"

"हमारे में बी ऐसाच है, साब. मेरे नाना अनाज नापते थे. पयले को एक नहीं, बरकत बोलते थे. बरकत, दो, तीन."

"तुम्ही साक्षीदार नाही," अध्यक्ष म्हणाले. पण ते थोडे डळमळले असावेत, कारण त्यांनी लगेच पाणी मागितलं.

मॅडमनी विचारलं, "इथं कुणाकडं धान्य आहे का?"

चाचाच्या सायकलीला पिशवी अडकवलेली होती. सकाळीच रेशनच्या दुकानातून त्यानं पाच किलो ज्वारी आणली होती. ती समितीपुढं आली. टेबलावर वर्तमानपत्र अंथरलं, आणि माप म्हणून अध्यक्षांचाच पाण्याचा पेला रिकामा करून दिला. आप्पांनी मूठभर ज्वारी तळहातावर घेऊन आधी नाक मुरडलं. दाणा त्यांच्या लायकीचा नव्हता. मग मांडी घालून ते सरळ टेबलावरच बसले. कुणी त्यांना अडवलं नाही.

पहिला पेला भरला, हातानं वरून सपाट केला, आणि आप्पांनी सूर लावला. "लाभ हो लाभ... लाभ हो लाभ..." दुसरा पेला भरेपर्यंत ते लाभच म्हणत राहिले. मग दोन. मग तीन. इतक्या महिन्यांनी तो आवाज निघत होता. आधी खरखरला, मग मोकळा झाला. बाहेर सुनावणीला बसलेली पोरं दारात गोळा झाली. अध्यक्षांना थांबवायचं सुचलं नाही, आणि सुचलं असतं तरी आप्पा थांबले नसते. अर्धी रास टाकून उठणं त्यांना ठाऊक नव्हतं. पिशवी रिकामी झाल्यावरच ते खाली उतरले आणि चाचाला म्हणाले, "भय्या, दुकानदारानं तुमाला दोन पेले कमी घातलेत."

चाचा तिथंच दुकानदाराच्या सात पिढ्यांचा उद्धार करू लागला. मॅडमनी वहीत काहीतरी लिहिलं. अध्यक्ष म्हणाले, "कळवू."

कळवू या शब्दाला मुदत नसते. मी लातूरला मुलाखतीला गेलो. नव्या कचेरीत खुर्च्या यायच्या होत्या, म्हणून साहेब आणि आम्ही उमेदवार सगळेच उभे होतो. साहेबांनी कागद पाहिले आणि म्हणाले, "राखीव म्हणजे काय, पास की नापास? महिनाअखेर आणा, नाहीतर पुढचा माणूस घेतो." परत येऊन मी अव्वाबरोबर रोजगार हमीच्या तलावावर माती उचलायला लागलो. रोज पाटी उचलताना मनात हिशेब करायचो, महिना संपायला किती दिवस उरले.

तीन दिवस उरले असताना सर तलावाच्या बांधावर सायकल हातात धरून येताना दिसले. बुटात माती गेली होती, पँटला क्लिपा लावलेल्या होत्या. त्यांनी खिशातून विद्यापीठाचं पत्र काढलं. मी ते घेईना, हाताला माती होती. "तुमीच वाचा," मी म्हणालो. अव्वा पाटी खाली टाकून जवळ येऊन उभी राहिली.

सरांनी वाचलं. खूण करण्याचा आरोप सिद्ध होत नाही. तथापि सदर शब्दापुढील मजकूर तपासणीत धरता येत नाही, सबब प्रत्येक उत्तरातला पहिला मुद्दा वगळून पेपर पुन्हा तपासला आहे.

"म्हंजी?" अव्वानं विचारलं. "झालं का न्हाई झालं, तेवढं सांगा."

"मावशी, याचं ते डेशियन लोकांचं नाव सगळं खोडलं," सर म्हणाले. "ते सोडून सदतीस पडलेत. पस्तीस लागतात. पास आहे."