नळीतला डाग

शहाद्यात परवान्याच्या बंदुका दुरुस्त करणारे एक काका आहेत. बोलणं थोडं, तेही बहुतेक हातातल्या नळीशी. सळईच्या टोकाला शिसं ओतून, त्यावर ग्राइंडिंग पेस्ट आणि तेल लावून ते नळी आतून घासतात. मग समोरच्या पांढऱ्या भिंतीकडे ती धरून उजवा डोळा लावतात आणि पुन्हा घासतात. मध्ये कुणी बोललेलं त्यांना खपत नाही.

यंदा रानडुकरांनी ऊस लोळवला, म्हणून वडिलांची जुनी रायफल मी त्यांच्याकडे नेली. ते सकाळपासून घासत होते. "काया डाग शे आजून," एवढंच म्हणत होते. मी डोकावलो, तर काळा ठिपकासुद्धा नाही, नळी आरशासारखी लखलखीत.

"काका, आते काहीच नही शे."

"तुले काय समजस," म्हणत त्यांनी परत पेस्ट लावली.

गोळीला फिरकी देणारे आतले पीळ पुसट होत चालले होते. रायफल वाया चालली होती, पण गावोगावच्या बंदुका नीट करणारा तो हात धरायची माझी छाती झाली नाही.

दुपारी त्यांनी नळी खाली ठेवली. नुसतंच भिंतीकडे पाहिलं. मग डावा डोळा झाकून पुन्हा पाहिलं.

"भाऊ," ते हळू आवाजात म्हणाले, "डाग भितवर बी शे."